मेल्यावरही जागा नाकारली, म्हणून खाणकामगारांनी स्वतःचीच दफनभूमी उभारली

गावात कुणाची मयत झाली की भांडणं बाजूला ठेवून खांदा द्यायला जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. माणूस गेला की वैर संपलं, असं जुनी माणसं सांगतात.

पण प्रत्येक वेळी तसं होतंच असं नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका छोट्या गावात चार कोळसा खाणकामगारांचे मृतदेह आणले गेले. त्यांना पुरायला गावात जागा मिळेना. एका दफनभूमीच्या मालकाने हरकत घेतली, तर चर्चच्या धर्मगुरूने त्यांना थेट खुनी ठरवलं. शेवटी त्यांच्या सोबत्यांनी काय केलं? एक एकर जमीन विकत घेतली आणि स्वतःची दफनभूमी सुरू केली.

इलिनॉय राज्यातल्या माउंट ऑलिव्ह गावची ही 'युनियन मायनर्स सिमेट्री'. कामगार संघटनेच्या मालकीची अमेरिकेतली ही एकमेव दफनभूमी मानली जाते. पुढे 'अमेरिकेतली सर्वात धोकादायक बाई' म्हणून ओळखल्या गेलेल्या मदर जोन्स यांनीही आपल्याला याच मातीत पुरावं, अशी इच्छा सांगून ठेवली होती.

हे चार जण कोण होते? त्यांना खुनी का म्हटलं गेलं? आणि जगभर गाजलेल्या एका बाईला याच आडबाजूच्या गावात का यायचं होतं? पहिल्यापासून बघूया.

भांडण होतं टनामागे ४० सेंटचं

माउंट ऑलिव्ह हे मकूपिन काउंटीतलं गाव. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं. या भागात जमिनीखाली कोळसा आणि जमिनीवर मका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे मोठ्या संख्येने युरोपातून आलेले कामगार राहायचे. माउंट ऑलिव्हमध्ये तर जर्मन कुटुंबांची संख्या मोठी होती.

खाणकामगाराला तेव्हा रोजावर नव्हे, तर टनावर पैसे मिळायचे. म्हणजे जेवढा कोळसा काढाल तेवढी मजुरी. ऐकायला सरळ वाटतं, पण मेख पुढेच होती. अनेक खाणींत कोळसा आधी चाळणीवर टाकायचे. चाळणीवर राहिलेले मोठे तुकडे तेवढे कामगाराच्या खात्यावर मोजले जायचे. खाली पडलेला बारीक कोळसा कंपनी विकायची, पण कामगाराला त्याचा पैसा नाही. छताला टेकू लावणं, पाणी उपसणं, रुळ टाकणं ही कामं बऱ्याचदा फुकटच करावी लागायची. वर्षभर काम मिळेल याचीही खात्री नसायची. उन्हाळ्यात कोळशाची मागणी घटली की खाणी बंद, आणि खाणी बंद की चूल बंद.

१८९७ च्या जुलैमध्ये 'युनायटेड माइन वर्कर्स ऑफ अमेरिका' या संघटनेने देशभर संप पुकारला. इलिनॉयमध्ये संघटनेची ताकद तेव्हा नावापुरतीच होती. ती वाढवली माउंट ऑलिव्हच्या अलेक्झांडर ब्रॅडली नावाच्या एका खाणकामगाराने. ब्रॅडली मूळचे इंग्लंडचे. लहानपणी अमेरिकेत आले आणि पोरवयातच खाणीत उतरले. संपाच्या काळात ते गावागावांतून कामगारांचे मोर्चे घेऊन निघाले. लांब कोट, डोक्यावर रेशमी उंच टोपी आणि हातात छत्री असा त्यांचा थाट. लोक त्यांना 'जनरल' म्हणू लागले. सैन्यात त्यांना असं पद कधी मिळालेलं नव्हतं. ही पदवी कामगारांनीच दिलेली.

संप यशस्वी झाला. १८९८ च्या सुरुवातीला खाणमालक आणि संघटना यांच्यात करार झाला. त्यात आठ तासांचा दिवस मान्य झाला आणि टनामागचे दर ठरले. व्हर्डन परिसरासाठी हा दर होता टनामागे ४० सेंट.

इथेच ठिणगी पडली.

व्हर्डन : १२ ऑक्टोबर १८९८

व्हर्डन हे त्याच काउंटीच्या उत्तर टोकाचं गाव. तिथल्या शिकागो-व्हर्डन कोल कंपनीने हा दर द्यायला नकार दिला. कामगार संपावर गेले. कंपनीने खाणीभोवती उंच लाकडी कुंपण उभारलं, बंदूकधारी पहारेकरी आणले आणि संपकऱ्यांच्या जागी दुसरे कामगार आणायचं ठरवलं.

हे कामगार आणले दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातून. सगळे कृष्णवर्णीय. इलिनॉयमध्ये संप सुरू आहे, हे त्यांना सांगितलंच नव्हतं. चांगलं काम आहे, बरी मजुरी आहे, चला, एवढंच सांगून त्यांना रेल्वेत बसवलं गेलं.

इकडे बातमी फुटली. माउंट ऑलिव्ह आणि आसपासच्या गावांतून खाणकामगार व्हर्डनला पोचले. अनेकांच्या हातात शिकारीच्या बंदुका होत्या. रेल्वे अडवायची, कुणाला खाणीत उतरू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

राज्याचे गव्हर्नर जॉन टॅनर यांनी या प्रकरणात उघडपणे कंपनीच्या विरोधात भूमिका घेतली होती. बाहेरून संपफोडे आणणाऱ्या कंपनीला सरकारी संरक्षण मिळणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्या काळात अमेरिकेत सरकारी फौज बहुतेक वेळा मालकांच्या बाजूने उतरायची, त्यामुळे ही गोष्ट वेगळीच होती. पण कंपनी मागे हटली नाही.

१२ ऑक्टोबर १८९८ ला दुपारी रेल्वे आली. गाडीत कामगार होते आणि त्यांच्यासोबत कंपनीचे रायफलधारी पहारेकरी. गाडी व्हर्डन स्टेशनवर न थांबता पुढे जाऊन खाणीच्या कुंपणापाशी थांबली आणि गोळीबार सुरू झाला. अवघ्या काही मिनिटांत सगळं संपलं. गाडी माणसं न उतरवताच पुढे स्प्रिंगफील्डकडे निघून गेली.

मागे राहिली प्रेतं. वेगवेगळ्या नोंदींनुसार ७ ते ८ खाणकामगार आणि ४ ते ५ पहारेकरी मारले गेले. जखमींची संख्या त्याहून कितीतरी जास्त होती, आणि त्यात गाडीतले कृष्णवर्णीय कामगारही होते. त्यानंतर गव्हर्नरांनी नॅशनल गार्डचे सैनिक पाठवले. त्यांना आदेश होता, यापुढे संपफोड्यांची गाडी आली तर ती परत पाठवायची.

महिनाभरातच कंपनीने हार मानली. ४० सेंटचा दर मान्य झाला. टनामागच्या काही सेंटसाठी सुरू झालेलं भांडण डझनभर माणसांचा जीव घेऊन मिटलं.

चार प्रेतं आणि गावाची बंद दारं

मेलेल्यांपैकी चार जण माउंट ऑलिव्हचे होते. लाँग, केमरर, स्मिथ आणि गिटर्ले ही त्यांची आडनावं.

कामगारांच्या नजरेत हे चौघे हुतात्मे होते. पण गावातल्या प्रतिष्ठितांच्या नजरेत ते दंगलखोर होते. गावातल्या दफनभूमीच्या मालकाने त्यांना तिथे ठेवायला हरकत घेतली. लुथरन चर्चच्या धर्मगुरूने त्यांना खुनी म्हटलं आणि चर्चच्या आवारात त्यांच्यासाठी कार्यक्रम घ्यायला मनाई केली.

इथे थोडं थांबून विचार करा. आयुष्यभर खाणीच्या अंधारात काम केलेल्या माणसाला मातीखाली शेवटची सहा फूट जागाही मिळेना. त्याच्या बायकोने, आईने, पोरांनी फुलं घेऊन जायचं तरी कुठे?

१८९९ मध्ये माउंट ऑलिव्हच्या स्थानिक युनियनने यावर उत्तर शोधलं. एक एकर जमीन विकत घेतली आणि व्हर्डनमध्ये पडलेल्या आपल्या माणसांना तिथे जागा दिली. दफनभूमीचं नावच ठेवलं 'युनियन मायनर्स सिमेट्री'. तिथे कुणाला पुरायचं आणि कुणाला नाही, हे आता ना मालक ठरवणार होता ना धर्मगुरू.

यामागे एक व्यवहारी शहाणपणही होतं. दुसऱ्याच्या जागेत तुमची आठवण त्याच्या मर्जीवर टिकते. सभा घ्यायची तर परवानगी, भाषण करायचं तर परवानगी, दगडावर काय कोरायचं त्यालाही परवानगी. जमीन स्वतःची असली की हा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे १२ ऑक्टोबर हा तिथे दरवर्षी 'मायनर्स डे' म्हणून पाळला जाऊ लागला. मिरवणुका निघायच्या, भाषणं व्हायची, कबरींवर फुलं वाहिली जायची. हळूहळू गरज वाढत गेली तशी आजूबाजूची आणखी जमीन घेतली गेली.

१९१८ मध्ये 'जनरल' ब्रॅडली वारले. त्यांनाही इथेच पुरण्यात आलं.

मग मदर जोन्स इथे कशा आल्या?

मदर जोन्स यांचं मूळ नाव मेरी हॅरिस. जन्म आयर्लंडमधल्या कॉर्कचा. तिथल्या चर्चमध्ये त्यांच्या बाप्तिस्म्याची १८३७ ची नोंद आहे. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, त्यानंतर हे कुटुंब समुद्र ओलांडून अमेरिका खंडात आलं.

मेरी शिक्षिका झाल्या, शिवणकाम शिकल्या. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात जॉर्ज जोन्स या लोखंड ओतकाम करणाऱ्या कामगाराशी त्यांचं लग्न झालं. जॉर्ज युनियनचे सभासद होते. चार मुलं झाली. १८६७ मध्ये मेम्फिसमध्ये पीतज्वराची साथ आली. त्या एका साथीत नवरा आणि चारही मुलं गेली.

मेरी शिकागोला गेल्या आणि शिवणकामाचं दुकान टाकलं. १८७१ च्या प्रसिद्ध आगीत तेही जळून खाक झालं.

घर नाही, संसार नाही, दुकान नाही. त्यानंतरचं त्यांचं आयुष्य संपांमध्ये आणि कामगार वस्त्यांमध्ये गेलं. काळा पोशाख, पांढरे केस, डोळ्यांवर चष्मा अशी ही आजीबाई खाणीखाणींतून फिरायची. खाणकामगार त्यांना 'मदर' म्हणायचे आणि त्या कामगारांना 'माझी पोरं' म्हणायच्या. दिसायला आजी, पण भाषण सुरू झालं की मालकांना घाम फुटायचा. १९०२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका खटल्यात सरकारी वकिलाने त्यांचा उल्लेख 'अमेरिकेतली सर्वात धोकादायक बाई' असा केला. १९०३ मध्ये त्यांनी कापड गिरण्यांत राबणाऱ्या लहान मुलांचा मोर्चा फिलाडेल्फियातून थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या न्यूयॉर्कजवळच्या घरापर्यंत नेला. राष्ट्राध्यक्षांनी भेट दिली नाही, पण बालमजुरीचा विषय देशभर पोचला.

आपली जन्मतारीख त्या १ मे १८३० अशी सांगायच्या. वय सात वर्षांनी वाढवून आणि तारीख कामगार दिनाची निवडून. (याच इलिनॉय राज्यातल्या शिकागोत १८८६ मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी आंदोलन झालं आणि त्याच्या आठवणीतून १ मेचा कामगार दिन आला. आपल्याकडे महाराष्ट्र दिनासोबत जो कामगार दिन असतो, तो हाच.)

व्हर्डनमध्ये गोळीबार झाला तेव्हा मदर जोन्स तिथे नव्हत्या. तरीही ती घटना त्यांच्या मनात घर करून राहिली. १९२३ मध्ये, वय ऐंशीच्या पुढे गेल्यावर, त्यांनी खाणकामगारांना लेखी विनंती केली की, माझा शेवट होईल तेव्हा व्हर्डनमध्ये जीव दिलेल्या पोरांशेजारीच मला जागा द्या.

३० नोव्हेंबर १९३० ला मेरीलँडमध्ये त्यांचं निधन झालं. पार्थिव रेल्वेने इलिनॉयला आणलं गेलं. ८ डिसेंबरला माउंट ऑलिव्हमध्ये दफनविधी झाला. या छोट्याशा गावात हजारो लोक लोटले आणि अंत्यविधीचं भाषण रेडिओवरून प्रसारित झालं. ज्यांना एकेकाळी गावात जागा मिळत नव्हती, त्यांच्या शेजारी जागा मागून एक जगप्रसिद्ध बाई विसावली होती.

मंदीच्या काळात उभं राहिलेलं स्मारक

ही गोष्ट इथे संपत नाही. मदर जोन्स यांच्या कबरीवर मोठं स्मारक हवं, असं कामगारांना वाटत होतं. पण काळ कसा होता? महामंदीचा. खाणी बंद पडत होत्या आणि खुद्द खाणकामगारांमध्ये उभी फूट पडली होती.

झालं असं की, १९३२ मध्ये मजुरी कपातीचा करार आला. दिवसाला ६ डॉलर १० सेंटवरून थेट ५ डॉलर. इलिनॉयच्या कामगारांनी त्यावर मतदान केलं. मोजणी सुरू असतानाच मतांच्या नोंदींचे कागद चोरीला गेले! संघटनेचे अध्यक्ष जॉन एल. लुईस यांनी आणीबाणीची परिस्थिती असल्याचं सांगत करार लागू करून टाकला. चिडलेल्या कामगारांनी माउंट ऑलिव्हच्या जवळच असलेल्या गिलेस्पीमध्ये 'प्रोग्रेसिव्ह मायनर्स ऑफ अमेरिका' ही वेगळी संघटना काढली. नंतरची काही वर्षं दोन्ही गटांत मारामाऱ्या झाल्या, माणसं मेली. एकाच खाणीत, एकाच दिव्याच्या उजेडात काम केलेले लोक एकमेकांच्या जिवावर उठले.

मदर जोन्स यांचा लुईस यांच्यावर हयातीतच राग होता. त्यामुळे नव्या संघटनेने त्यांना आपलं मानलं आणि स्मारकासाठी वर्गणी सुरू केली. ज्यांच्या घरी चूल पेटायची मारामार होती, अशा माणसांनी मिळून १६ हजार डॉलरहून जास्त रक्कम जमवली. उभारणीचं काम कामगारांनी मजुरी न घेता केलं.

या स्मारकासाठी ८० टन गुलाबी ग्रॅनाइट वापरला आहे. मधोमध २२ फूट उंच खांब, त्यावर मदर जोन्स यांचा चेहरा आणि दोन्ही बाजूंना खाणकामगारांचे ब्राँझचे पुतळे. ११ ऑक्टोबर १९३६ ला, म्हणजे व्हर्डनच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, त्याचं अनावरण झालं. त्या दिवशी साधारण ५० हजार लोक जमले होते. त्यासाठी खास रेल्वेगाड्या सोडाव्या लागल्या.

१९७२ मध्ये या दफनभूमीची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. म्हणजे ज्या जागेची गरज गावाने दारं बंद केल्यामुळे पडली होती, तीच आता देशाचा वारसा ठरली. २०१५ मध्ये स्मारकाची डागडुजी करून त्याचं पुन्हा लोकार्पण करण्यात आलं.

पण या दफनभूमीत कोण नाही?

आतापर्यंतची गोष्ट वाचून छाती भरून येते, हे खरं. पण एक बाजू अजून राहिली आहे आणि ती टाळून चालणार नाही.

त्या रेल्वेगाडीतले कृष्णवर्णीय कामगार आठवतात? संपाची माहिती न देता ज्यांना अलाबामाहून आणलं होतं ते? त्यांच्यावरही गोळ्या चालल्या. गाडी स्प्रिंगफील्डला गेल्यावर त्यांना वाऱ्यावर सोडण्यात आलं. ना काम, ना परतीचं तिकीट. त्यांच्यातले बरेच जण पुढे सेंट लुईसकडे गेले. त्यांच्या नावाची मिरवणूक निघाली नाही आणि त्यांच्यासाठी कुणी एकर विकत घेतला नाही.

खरं तर 'युनायटेड माइन वर्कर्स' ही त्या काळात कृष्णवर्णीयांना सभासद करून घेणारी संघटना होती. रिचर्ड डेव्हिस हे कृष्णवर्णीय खाणकामगार तिच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडून आले होते. म्हणजे 'आपण सगळे कामगार' हा विचार कागदावर होता. पण इलिनॉयच्या या गावांमध्ये संपफोड्यांवरचा राग पाहता पाहता एका संपूर्ण वर्णावरचा राग बनला. व्हर्डन आणि जवळच्या पेना या गावांनी पुढची अनेक वर्षं कृष्णवर्णीयांना राहू दिलं नाही. अशा गावांना अमेरिकेत 'सनडाउन टाउन' म्हणतात. अर्थ सरळ आहे, सूर्य मावळायच्या आत गाव सोडायचं.

म्हणजे ज्यांना मेल्यावर जागा नाकारली गेली, त्यांच्याच बाजूच्या लोकांनी दुसऱ्यांना जिवंतपणी जागा नाकारली.

टनामागचे काही सेंट वाचवण्यासाठी कंपनीने गोऱ्या कामगारासमोर काळा कामगार उभा केला. दोघेही गरीब, दोघेही फसवले गेलेले. मालक गोळीच्या टप्प्याबाहेर होता.

आज तिथे काय आहे?

माउंट ऑलिव्ह आजही छोटंसंच गाव आहे. सेंट लुईसहून उत्तरेला साधारण तासाभराचा रस्ता. प्रसिद्ध 'रूट ६६' हा जुना महामार्ग याच गावातून जायचा, त्यामुळे तो रस्ता धुंडाळणारे पर्यटक इथे वळतात. गावात मदर जोन्स यांच्यावरचं छोटं संग्रहालय आहे. कामगार संघटनांचे लोक आजही दफनभूमीत येतात आणि ऑक्टोबरमध्ये हुतात्म्यांची आठवण काढतात.

त्या काळात खाणकामगाराच्या हाती फार काही लागायचं नाही. घर अनेकदा कंपनीचं, दुकान कंपनीचं, काढलेला कोळसा कंपनीचा. खाण संपली की गावही रिकामं व्हायचं. अशा माणसांनी पै-पै जमवून जी एकमेव जमीन कायमची स्वतःच्या नावावर केली, ती होती दफनभूमी. कारण आपण कोण होतो हे आपल्या माघारी दुसऱ्या कुणी ठरवू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या एका एकरात कुणाला जागा मिळाली, हे दगडांवर कोरलेलं आहे. कुणाला मिळाली नाही, ते मात्र आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं.